पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा

३ मार्च, सोमवार

शिंकले! यंत्रात! चार नंबरमध्ये — 'होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर जाता येते' आणि 'सकाळची वेळ सोयीची' यांच्या बरोबर मधोमध. साहेब म्हणाले, "राहू द्या. उद्या लाइन सुरू करायची आहे." मी म्हटलं, पण साहेब, लोकांना वाटेल होडीत सर्दी होते. म्हणाले, "होतेच."

आता शांतपणे लिहिते. आमच्या प्रवासी चौकशी केंद्राने नवी फोन-सेवा काढली आहे. कुणीही कुठूनही फोन करायचा, फुकट, आणि आपल्या या अवाढव्य प्रांतात यायचं कसं, आलं की फिरायचं कसं, ते ऐकायचं. एक दाबा, रेल्वे. दोन, लांब पल्ल्याची बस. तीन, विमान. चार, होडी. पाच, भाड्याची सायकल. सहा, घाटातली जीप. सात, पायी. पुन्हा ऐकण्यासाठी नऊ. आवाज माझा! ठरलेल्या बाईंचा घसा बसला, आणि साहेबांच्या मते केंद्रात स्पष्ट बोलणारी मीच. पहिल्या खिडकीत बसणाऱ्या खिडकीताई म्हणाल्या, "स्पष्ट कसली, घाबरून एकेक अक्षर वेगळं बोलते ती."

रेकॉर्डिंग कागदांच्या कपाटात झालं. आवाज घुमू नये म्हणून आत जुने कोट टांगले होते. कोटांवर धूळ. म्हणून शिंक. माझी चूक नाही. तरी माझीच.

४ मार्च

लाइन सुरू झाली. मजकूरही मीच लिहिला होता आणि खरं तेच लिहिलं होतं. साहेबांनी बरंच कापलं. होडीत 'वाऱ्यावर आणि नावाड्याच्या मनावर अवलंबून' असं होतं — "नावाड्याचं मन काढा!" काढलं. पण ते खरं आहे! सहा नंबरमध्ये माझं एक वाक्य टिकलं: 'ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावे, रिकाम्या पोटी बसू नये, भरल्या पोटीही बसू नये.' हे अनुभवाचं आहे. मला सगळ्यातच लागते. बस, होडी, जीप. एकदा झोपाळ्यावर लागली होती. आणि प्रांताला प्रवासाचे पर्याय सांगणारी मी!

घरी कळवलं. आईने नंबर मागितला. शेजारच्या काकूंनी तो बाबांच्या दुकानातल्या फोनवर एकदा लावून दिला म्हणे. आता हिरवं बटण दोनदा दाबलं की मी येते.

५ मार्च, बुधवार

जेवायच्या सुट्टीत आईचा फोन.

"सर्दी झालीय तुला."

नाही गं.

"चार दाबलं की शिंकतेस. वाफ घे. आणि आईशी असं परक्यासारखं काय बोलतेस? आपलं स्वागत आहे म्हणे! कृपया म्हणे! आईला कृपया?"

मी समजावलं. आई, ती मी नाही. माझा आवाज यंत्रात भरून ठेवलाय. तू उत्तर दिलंस तरी मला ऐकू येत नाही. "हो हो," म्हणाली, "यंत्र." लहान मूल चंद्रावर जाऊन आल्याचं सांगतं तेव्हा आपण 'हो का?' म्हणतो ना, तसंच.

बिचारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तिला यंत्र काय कळणार! घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. समजावून सांगणं माझंच काम. पण सुट्टी संपत आली होती. "ठेवते," म्हणाले.

९ मार्च, रविवार

सुट्टी. घरी फोन केला. कपडे भिजत घातले होते म्हणून दोनच मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत काय काय ऐकलं!

रोज संध्याकाळी सगळी गल्ली बाबांच्या सायकल-दुकानात जमते. सायकल उलटी करून ठेवायची, चाकाला टेकवून फोन, आवाज मोठा. मग मी लागते. कुठला नंबर लावायचा यावर भांडणं होतात. आत्याला सात हवा असतो — 'पायी जाण्यासाठी टेकडीवरची वाट रमणीय आहे' — ती दर वेळी म्हणते, "रमणीय! ऐकलंत? आमची पोरगी म्हणते रमणीय!" टेकडीच्या पायथ्याशी जन्म गेला तिचा, एकदा वर गेलेली नाही.

आईला पाच आवडतो. "पाचला तू हसल्यासारखी वाटतेस." खरं आहे. 'सायकल घेताना ब्रेक तपासून घ्यावेत' म्हणताना बाबा आठवले होते, गिऱ्हाइकावर ओरडताना.

बाबांची तक्रार — "ब्रेकचं सांगितलंस. साखळीला तेल कोण घालणार? एवढं शिकलीस आणि तेल विसरलीस?"

"आणि सहाला तुझं पोट वाजतं," आई. "जेवत नाहीस."

काहीतरीच!

१० मार्च

सहा ऐकला. वाजतं.

१६ मार्च, रविवार

आज घरची फार आठवण आली. आमचं गाव प्रांताच्या अगदी शेपटाला. रेल्वेने जंक्शन, पुढे बस, मग होडी, मग जी मिळेल ती गाडी. जायला अख्खा दिवस, यायला अख्खा दिवस, आणि मला सुट्टी एक. कामाला लागल्यापासून गेलेच नाही. नवा पूल झालाय, त्यावरून सरळ बस सोडली तर सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल. पण बस सोडणार कोण आणि चढणार कोण? आमच्या गावातून कुणी कुठे जात नाही. बाबांचं ठरलेलं: "जायचं कशाला? इथं काय वाईट आहे?"

कायम झाले तर चार दिवसांची रजा मिळेल. अजून कायम नाही. शिंकेमुळे तर नसेल?

१८ मार्च, मंगळवार

साहेबांच्या खोलीत प्रांताचा मोठा नकाशा लागलाय. ज्या गावातून फोन येतात तिथे लाल टाचणी. मोठ्या शहरांवर थोड्या थोड्या. डोंगराकडे तुरळक. आणि आमच्या गावावर!! मावेनात म्हणून साहेबांनी उरलेल्या शेजारच्या समुद्रात लावल्यात.

"बघा," म्हणाले, "एवढंसं गाव आणि सगळ्यात जास्त चौकशी! रेल्वे विचारतात, विमान विचारतात, सायकल तर रोज. काय सांगतं हे आपल्याला?"

मी म्हटलं, काय सांगतं साहेब?

"सुप्त मागणी!"

मागणी नाही, आत्या आहे ती.

२१ मार्च

वाहतूक खात्याचे अधिकारी आले होते. नकाशासमोर तासभर उभे. "हे समुद्रातले लोक कोण?" विचारत होते. साहेबांनी समजावलं. मग दोघांनी मिळून सुप्त मागणी हा शब्द इतक्या वेळा वापरला की चहा आणणाऱ्यानेही जाताना विचारलं, "आणखी एक सुप्त चहा?"

ठरलं. नव्या पुलावरून सरळ बस. इथून आमच्या गावाला! एप्रिलमध्ये.

मला आधी उडी मारावीशी वाटली. मग हिशेब केला. बस सुरू झाली तर मी दर रविवारी घरी जाऊ शकेन. आणि ती सुरू होतेय माझ्या आईने मला ऐकायला केलेल्या फोनांवर. म्हणजे खोट्यावर. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी खोटंच. बस रिकामी धावेल, महिन्यात बंद पडेल, साहेबांची नाचक्की. आणि सगळ्याला कारण मी.

सांगायला हवं.

२३ मार्च, रविवार

आईला स्पष्ट सांगितलं: त्या नंबरवर आता फोन करू नका. खऱ्या प्रवाशांसाठी आहे तो.

"बरं."

म्हणजे अजिबात नाही, आई.

"बरं म्हटलं ना. पण शेवटी तूच म्हणतेस, पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा. तू एवढं आर्जवाने सांगायचं आणि आम्ही नाही दाबायचं? बरं दिसतं का ते?"

दारात दूधवाला उभा होता. ठेवते म्हणाले.

२५ मार्च

टाचण्या वाढल्या. आता समुद्रात एक बेट झालंय.

२८ मार्च, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून साहेबांच्या दारात गेले. वाक्य पाठ केलं होतं: 'साहेब, ती मागणी सुप्त नसून माझ्या घरची आहे.' आत गेले. "साहेब," म्हटलं. साहेब म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हाला कायम करण्याची शिफारस करतोय. त्या गावाची मागणी तुमच्या आवाजामुळे जागी झाली."

तोंडातून निघालं, "धन्यवाद."

धन्यवाद!! बाहेर येऊन पाण्याच्या माठाशी उभी राहिले आणि स्वतःला एक चिमटा काढला. जोरात. अजून काळंनिळं आहे.

१ एप्रिल

पुन्हा गेले. साहेब फोनवर. थांबले. साहेबांनी खुणेनेच विचारलं, काय? मी खुणेने सांगायचा प्रयत्न केला. 'माझी आई' हे खुणेने कसं सांगतात? साहेबांना वाटलं मला डोकं दुखतंय. घरी पाठवलं.

आता खोटी रजाही खात्यावर!

२ एप्रिल, बुधवार

राहवेना. खिडकीताईंना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खिडकीबाहेरचे प्रवासीही हसायला लागले, कशाला ते न कळता.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "अगं वेडे, गप्प बस. बस मिळतेय ना? घरी जा, आईच्या हातचं जेव. या प्रांतातल्या अर्ध्या बसगाड्या कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी सुरू झाल्यात. तुझी तर आईसाठी."

पण ताई, खरं —

"खरं? बारा गावच्या गाड्यांच्या वेळा सांगतो आपण इथे बसून. त्यातली खरी कुठली ते तू मला सांग."

हसू आलं. झोप मात्र यायची नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

केलं! कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. सगळे जेवायला गेल्यावर आत शिरले, कोटांच्या मध्ये उभी राहिले, आणि बोलले. समोर माणूस नसला की मला सगळं बोलता येतं. आठ नंबर रिकामाच होता. आता त्यात हे आहे —

'टोकाच्या गावाच्या मागणीबाबत खुलासा. सदर गावातून येणारे बहुतेक फोन प्रवासासाठी नसून माझी आई, बाबा, आत्या व शेजारची मंडळी यांचे आहेत. ही मंडळी माझा आवाज ऐकतात. त्यांचा कुठेही जाण्याचा विचार नाही. माझे बाबा जंक्शनपर्यंतही गेलेले नाहीत. त्यामुळे नवीन बस रिकामी धावण्याची शक्यता आहे. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. मला बस हवी होती, हेही खरे आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा.'

आता लपवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. अख्ख्या प्रांताला जाहीर सांगितलंय! फक्त कुणीतरी आठ दाबायला हवं. साहेब एकच्या पुढे ऐकत नाहीत.

५ एप्रिल

हलकं वाटतंय. जेवण गेलं.

खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ आले. "आठ ऐकला," म्हणाले. "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. बरं, आता विमानतळाची बस कुठून सुटते?" तीनमध्ये सांगितलंय, आजोबा! तीन कुणी ऐकतच नाही.

६ एप्रिल, रविवार

विचित्र. घरी फोन केला. मागे भांड्यांचा, माणसांचा गलका. आई म्हणाली, "बोल लवकर." मी म्हटलं, काही नाही, सहजच. "मग ठेवते. काम आहे."

आईने ठेवला. आधी! असं कधी झालेलं नाही.

मग लक्षात आलं. आठ! त्यांनी आठ दाबला असणार. सगळे नंबर दाबतात ती माणसं, आठ सोडतील? अख्ख्या प्रांतासमोर मी म्हटलं की हे लोक कुठे जाणारे नाहीत. बाबांनी जंक्शन पाहिलेलं नाही हेही! बाबांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या तोंडून. चिमटा काढायला आता हातावर जागा नाही.

७ एप्रिल

आमच्या गावाहून आज एकही फोन नाही. एकही! साहेब टाचणी हातात धरून बसून होते.

रागावले आहेत. दुकानात फोन केला. कुणी उचलला नाही. बाबांचं दुकान बंद? बाबा लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत दुकानात होते म्हणतात!

८ एप्रिल, मंगळवार

उद्या बस.

आज सांगितलं. तोंडाने. साहेबांसमोर. पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही. नकाशाकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, ती माझी आई आहे." साहेबांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. मग मी रडत रडत सगळंच सांगितलं — हिरवं बटण, उलटी सायकल, रमणीय.

साहेब उठले आणि समुद्रातल्या टाचण्या एकेक काढायला लागले.

"म्हणजे समुद्रात कुणी राहत नाही," म्हणाले.

नाही, साहेब.

"आणि सायकलची चौकशी?"

बाबा. साखळीच्या तेलासाठी.

"बस रंगवून झालीय. अधिकारी उद्या संध्याकाळी हार घेऊन येणार आहेत." टाचण्या माझ्या ओंजळीत टाकल्या. "आता बस जाईल. संध्याकाळी रिकामी परत आली, तर परवापासून तुम्ही येऊ नका. मीही येणार नाही."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी साधेपणाने म्हणाले.

९ एप्रिल, सकाळी

बस सुटली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि कुणीतरी विसरलेली छत्री. पुढच्या काचेवर आमच्या गावाचं नाव, मोठ्या अक्षरात. हे नाव इतकं मोठं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वळणावरून जाईपर्यंत बघत राहिले.

साहेब म्हणाले, "निदान छान दिसते."

खिडकीताईंनी स्वतःचा चहा मला दिला. त्या चहा कुणाला देत नाहीत. इतकं वाईट आहे तर.

१० एप्रिल, गुरुवार

काल संध्याकाळी बस भरून आली! पायरीवरसुद्धा माणसं. आठ ऐकल्यापासून सगळी गल्ली निघायच्या तयारीलाच लागली होती म्हणे. टपावर बाबांची सायकल — "बस बंद पडली तर?" आत्या उतरली आणि हार घेऊन उभ्या अधिकाऱ्यांसमोर आपणहून मान वाकवली. साहेब प्रत्येकाला हात जोडत होते. "आपण समुद्रातलेच ना?" विचारत होते.

आई शेवटी उतरली. चेहरा पांढराफटक. तिलाही गाडी लागते! मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. गाडीत बसलीच कुठे कधी? "पुढे बसले," म्हणाली. "रिकाम्या पोटी नाही, भरल्या पोटी नाही. सहा नंबर."

मी रडत म्हटलं, आई, अगं, कितीदा सांगितलं, ते यंत्र —

"यंत्र आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. मी काय वेडी आहे? पण तू दोन मिनिटांत ठेवतेस. ते ठेवत नाही."

मग तिने माझ्या नाकावर बोट ठेवलं आणि दाबलं.

"नऊ," म्हणाली.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.